शेवटच्या स्टॉपपुढचं घर

डावीकडचा वरचा सुळा तिच्या तळहातावर होता, भाताच्या शितापेक्षा जरासाच मोठा, पांढरा म्हणवणार नाही इतपत पिवळसर. चिमट्यात धरून तो गुलाबी मेणात रोवताना तिने नेहमीसारखा अगदी किंचित वाकडा बसवला, कारण सत्तरीच्या माणसाच्या तोंडात सगळे दात कवायतीला उभे राहिल्यासारखे दिसले की कवळी आहे हे रस्त्यापलीकडूनही कळतं. ही कवळी कुणा निवृत्त टपालवाल्याची होती. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं आणि पाहणारही नव्हती. तेहेतीस वर्षं या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलापाशी बसून तिने अशा न पाहिलेल्या माणसांना हसायची सोय करून दिली होती, आणि या कामाचा तिला अजून कंटाळा आलेला नव्हता.

शनिवार होता, म्हणजे अर्धा दिवस. दीड वाजता मुलगा आणि सून खाली फाटकाशी येणार होते आणि तिघांनी मिळून घर बघायला जायचं होतं. तूही चल, तुझं मत हवंय, असं मुलगा चार दिवस म्हणत होता, आणि ती चार दिवस अंग काढून घेत होती... मी कशाला, तुमचं तुम्ही बघा, राहायचं तुम्हाला आहे... आणि काल रात्री जेवताना सून नुसतं एवढंच म्हणाली होती, ‘या ना, आई,’ तेव्हा तिला नाही म्हणवलं नाही.

घर. गेल्या चार वर्षांत त्या दोघांनी किती घरं पाहिली असतील! पहिलं तर पलीकडच्याच गल्लीत होतं, तिथून हाक मारली तर इथे ऐकू आली असती. विचार करायला दोघांनी एक आठवडा घेतला, आणि आठवडाभरात ते घर त्यांच्या हातातून गेलं ते गेलंच. मग पुलापलीकडचं. मग बस डेपोच्या मागचं. दर वर्षी त्यांना झेपणारं घर एकेक स्टॉप पुढे सरकत होतं, आणि दोघं नोकऱ्या करून, नवे कपडे न घेता, कुठे फिरायला न जाता त्याच्या मागे धावत होती. मुलगा महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचा, पण कराराने, दर वर्षी नव्याने सही करून. सून एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. नवऱ्याचा यावर एक ठरलेला विनोद होता: घरात दात आले, कान आले, आता कुणीतरी डोळ्यांचं आलं की मुंडकं पूर्ण.

आणि ती? तिचं काय चाललं होतं या चार वर्षांत? हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा धड शब्दांत नाही. शनिवारच्या पेपरात घरांच्या किमतींचं पान यायचं. ते ती नवऱ्याच्या आधी उघडायची, आणि भाव आणखी चढलेत असं दिसलं की आत कुठेतरी, अगदी खोलवर, तिचा जीव भांड्यात पडायचा. मग ती पान मिटायची आणि तोंडाने म्हणायची, ‘काय बाई हे, पोरांनी करायचं तरी काय.’ आणि तेही खोटं नसायचं. दोन्ही खरं असायचं, हेच तर...

कारण सकाळी चार कप मांडायचे असत. कारण बाहेरच्या खोलीत ती आणि नवरा झोपत, आतल्या खोलीत ती दोघं, आणि पहाटे भिंतीपलीकडून मुलाचा खोकला ऐकू आला की तिला कूस बदलून पुन्हा झोप लागायची. संध्याकाळी सून आली की चपला काढता काढताच दवाखान्यातली एखादी गंमत सांगायला लागायची — बायकोचं सोडून सगळ्यांचं ऐकू येणारे एक गृहस्थ होते, त्यांची खबर घरात सगळ्यांनाच हवी असायची — आणि चौघं हसायची. दोन खोल्यांत चार माणसं. अडचण होती, कोण नाही म्हणतं? त्या दोघांचं भांडण झालं की ती दोघं ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हणून बाहेर पडायची, कारण या घरात भांडायलाही जागा नव्हती. आणि तासभर ती आली नाहीत तर नवरा पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायचा, ‘आज विषय मोठा दिसतोय.’ लग्नात मिळालेली खोकी पलंगाखाली तशीच बांधलेली होती. एकात कपबशा होत्या, निळ्या काठाच्या. नव्या घरात काढू, असं सून पहिल्या महिन्यात म्हणाली होती. पुढे म्हणायची थांबली. केर काढताना सासूचा झाडू त्या खोक्यांना लागला की ती तो हळूच मागे घ्यायची, झोपलेल्या माणसाला धक्का लागू नये तसा.

दीड वाजता ती खाली उतरली. दोघं फाटकाशी उभी होती, मुलाच्या हातात लोखंडी मोजपट्टी, आणि नवऱ्याने दिलेला कागद. नवऱ्याचे गुडघे दुखत, म्हणून तो आला नव्हता; पण तो उभं आयुष्य बसगाड्यांची वेळापत्रकं बनवण्यात घालवलेला माणूस, त्याने कुठली बस किती वाजता, कुठे बदलायची, उभं राहावं लागेल की बसायला मिळेल, सगळं बारीक अक्षरात लिहून दिलं होतं. खाली एक ओळ होती: ‘माझ्या वेळी ही बस निम्म्यावरच संपत असे.’

तास आणि वर दहा मिनिटं. वाटेत मुलगा मागे वळून वळून बोलत होता, तिथे शाळा होणार आहे, बाजार होणार आहे, दोन वर्षांत चेहराच बदलेल. सून खिडकीबाहेर बघत होती. ती दोघांच्या मागे बसली होती आणि मुलाच्या मानेवरचे दोन पांढरे केस बघत होती. या वयात आम्ही... या वयात तिचं घर होऊन दहा वर्षं झाली होती. आणि किती सहज झालं होतं ते! दुपारच्या सुट्टीत, ती प्रयोगशाळेतून, नवरा डेपोतून, पोटात हाच मुलगा. एका कचेरीत जाऊन सह्या केल्या, बाहेर येऊन चहा घेतला आणि आपापल्या कामाला परतले. दोघांच्या साध्या नोकऱ्या होत्या. कुणी शूर नव्हतं, कुणी हुशार नव्हतं. वेळेवर जन्माला आलो होतो, एवढंच.

आणि सासूबाई. दोन दिवसांनी त्या ते घर बघायला आल्या होत्या. चार वर्षं त्यांच्याकडे राहून, पोट पुढे आलं असताना त्यांच्या मुलाला घेऊन ती वेगळी होत होती. त्या दोन्ही खोल्यांतून फिरल्या, भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, ‘उजेड चांगला आहे गं.’ बस्स. पुढे त्या फक्त रविवारी यायच्या आणि खुर्चीच्या कडेवर बसायच्या, पाहुण्यासारख्या. तेव्हा तिला ते बरंच वाटलं होतं. ते वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, हे मनातही आलं नव्हतं... आज, या बसमध्ये, ते पहिल्यांदा मनात आलं, आणि तिने ठरवलं: आपण काही बोलायचं नाही. विचारलं तर चांगलं आहे म्हणायचं. झालं.

शेवटच्या स्टॉपवरून आणखी वीस मिनिटं चालत. नवी इमारत, पाचवा मजला, जिन्याला अजून सिमेंटचा वास. एजंट बाई हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन वाट बघत होती. ‘आज आलात ते बरं केलंत,’ ती म्हणाली, ‘सहा महिन्यांनी या भावात नुसती मोरी मिळेल.’ आणि स्वतःच हसली. मग जरा वेळाने, कुलूप काढताना, आपणही अजून सासरीच राहतो असं सांगून गेली.

घर चांगलं होतं. हे तिला आत पाऊल टाकताक्षणी कळलं. लहान होतं, पण ओढूनताणून केलेलं नव्हतं. दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर, आणि मोठी खिडकी, जिच्यासमोर नुसतं मोकळं रान. मुलगा भिंती मोजायला लागला, मोजपट्टी ओढून आकडे मोठ्याने म्हणायला लागला, लहानपणी उंची मोजून घ्यायचा तसा. सून मात्र काही मोजत नव्हती. ती आतल्या खोलीत गेली, आणि तिने दार लावून घेतलं. नुसतंच. आत काही नव्हतं, पलंग नाही, खुर्ची नाही. ती त्या रिकाम्या खोलीत बंद दाराआड उभी होती. एक मिनिट गेलं असेल. मग दुसरं. एजंट बाईला फोन आला आणि ती जिन्यात गेली.

सासू खिडकीशी उभी होती. रानावरून वारा आला, अगदी हलका. तिच्या मनगटाला लागला, कानामागच्या बटेला लागला, ब्लाउजच्या बाहीत शिरला. सकाळभर मेण वितळवून तापलेल्या तिच्या बोटांना तो गार वाटला.

‘आई,’ मुलगा म्हणाला, मोजपट्टी अर्धी बाहेर. ‘काय वाटतं?’

आणि मी म्हणाले... कुठून आलं ते? ठरवलेलं सगळं जिभेवर होतं, उजेड चांगला आहे, जागा चांगली आहे... मी म्हणाले, ‘वारा येत नाही रे.’

मोजपट्टी सटकन आत गेली. मुलाने भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, हो, मलाही जरा कोंदट वाटतंय. शिवाय लांबही आहे. त्याचा चेहरा पडला की सैलावला, हे तिला नीट कळलं नाही. तेवढ्यात दार उघडलं, सून बाहेर आली. ‘आई म्हणते वारा येत नाही,’ मुलाने तिला सांगितलं. तिने खिडकीकडे पाहिलं, मग सासूकडे. विचार करून कळवतो, असं मुलाने एजंट बाईला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाल्या. कुणाचं काही बिनसलं आहे असं वाटत नव्हतं. मुलाने वर्गातल्या एका गमतीची गोष्ट सांगितली, सून हसली, आणि ती स्वतःही हसली, आणि मन खात असतानासुद्धा तिला आत ऊब वाटत होती, हे तिने नाकारलं नाही. घरी नवऱ्याने दारातच बसची चौकशी केली, घराची नाही. वेळा बरोबर निघाल्या हे ऐकून तो खूश झाला.

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या. ती बटाटे सोलत होती, सून सोललेले चिरत होती. बाहेरच्या खोलीत बापलेक बातम्या ऐकत होते.

‘आई,’ सून म्हणाली, सुरी न थांबवता, ‘वारा येत होता.’

तिच्या हातातली साल लांब होत होत तुटली. नाकारता आलं असतं. मला नाही लागला, वय झालं, असं काहीतरी...

‘हो,’ ती म्हणाली. ‘येत होता.’

सुनेने मान हलवली, दवाखान्यात कुणी आवाज ऐकू आल्याची खूण केली की हलवत असेल तशी. रागावलेली दिसत नव्हती. मग म्हणाली, ‘मीही गप्प बसले. मलाही एवढं लांब जिवावर आलं होतं. पण मला घर हवंय, आई. तेच नसलं तरी चालेल, पण हवंय.’ जरा थांबली. ‘तिथे दार लावलं ना, तर काहीच ऐकू येईना. ना बातम्या, ना तुमच्या बांगड्या. आणि मला तुमची आठवण आली. चार वर्षांत पहिल्यांदा.’

ती पुढचा बटाटा हातात घेऊन तशीच बसली. शरम येईल म्हणून तिने वाट पाहिली. आली, पण जितकी वाटली होती तितकी नाही; तिच्याबरोबर दुसरंच काहीतरी आलं, ज्याला नाव नव्हतं. आपली आठवण येऊ शकते, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. जवळ असणं म्हणजेच सगळं, असं ती धरून चालली होती, आणि इतकं जवळ असलेल्या माणसाची आठवण कधी येतच नाही... सुनेने विळखा घातल्यासारखी तिच्या मनगटावर ओली बोटं क्षणभर ठेवली आणि पुन्हा चिरायला लागली.

सोमवारी त्या बाईला फोन करावा का? करावा, कदाचित. की नको? एजंट बाईचा नंबर मुलाकडे होता, मागितला तर तो काय म्हणेल... आणि मागितला नाही तर उद्या सकाळी चार कप असतीलच, आणि त्यांचा आनंदही होईल, होणारच, तो काही तिच्या हातात नाही. पण मध्येच तिला दिसलं की ती बसमधून उतरते आहे, एकटी, हातात पिशवी, वीस मिनिटं चालायचं म्हणून जुन्या चपला घातलेली. पाच जिने चढून दम लागलेला. आणि बंद दारासमोर उभं राहून, आत कुणाच्या तरी पावलांचा आवाज येतो का ते ऐकते आहे. हे चित्र वाईट नव्हतं. तिने ते लगेच मिटवलं नाही. बटाटा सोलता सोलता त्या दारासमोर ती आणखी थोडा वेळ उभी राहिली.