गोळीचा खोकला

बारामतीच्या दवाखान्यात दत्तोबांच्या हृदयात स्प्रिंग बसवली, सोबत गोळ्यांची पिशवी दिली, आणि महिन्याभरात त्यांना खोकला लागला. कफ नाही, ताप नाही. नुसता कोरडा, घशात कुसळ अडकल्यासारखा. बोलायला तोंड उघडलं की शब्दाआधी तोच बाहेर यायचा. सुनेनं, सुप्रियानं, त्यांचं ताट-तांब्या वेगळा केला. मग खाटही विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत गेली.

“तितं वारं चांगलं हाय, आबा,” मुलगा विजयसिंह म्हणाला. “हितं श्रेयाला बघाय लोकं येनार. तुमी मधीच खोकलात तर काय म्हनतील?”

“काय म्हनतील? म्हातारं खोकतंय म्हनतील.”

“टीबी म्हनतील,” सुप्रिया आतून बोलली.

दत्तोबा मुकाट्यानं गेले. श्रेया त्यांची एकुलती नात. आईबाप टोमॅटोच्या तोडणीत असले की तिला खांद्यावर घेऊन कालव्याच्या कडेनं हिंडवायचे ते हेच. तिच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या, एवढ्यासाठी त्यांनी आपली छाती डॉक्टरच्या हवाली केली होती. एरवी त्यांना जगायचा फारसा सोस नव्हता.

पाहुणे आले. तोंडात टॉवेलचा बोळा धरून दत्तोबांनी खोलीच्या दारातून गाड्या येताना पाहिल्या आणि जाताना पाहिल्या. स्थळ जमलं. मुलगा यशराज लोणी देवकरला कारखान्यात, घर इंदापूरला.

मग एका सकाळी ते कुणाला न सांगता एसटीनं बारामतीला गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि हसून म्हणाले, “आबा, फोटो स्वच्छ आहे. हा खोकला रामिप्रिलच्या गोळीचा. काही जणांना होतो. तुमच्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, असा खोकला आला तर लगेच घेऊन या, गोळी बदलू.”

गोळी बदलली आणि हळूहळू खोकला गेला. तो पुरता गेल्याची खात्री पटली तेव्हा दत्तोबा दाढी करून, धुतलेली टोपी घालून घराच्या अंगणात येऊन उभे राहिले.

“बघ की, खोकतोय का? गोळीनं व्हत व्हतं समदं. डॉक्टर म्हनला, तुला सांगितलं व्हतं.”

विजयसिंहानं मान खाली घातली. “इसरलो, आबा.”

“असू दे. आता लग्नाला पुढं बसतो.”

सुप्रिया भेंडी निवडत होती, ती तशीच निवडत राहिली. “सांगा की त्यास्नी,” ती नवऱ्याला म्हणाली. “किती दिस लपवनार?”

“त्या लोकांनी इचारलं,” विजयसिंह म्हणाला, “मुलीचे आजोबा कुठं हायत. हिच्या तोंडातनं निघून गेलं, वारले म्हनून. मग मी म्हनलं, हार्टनं. पत्रिका वाटून झाल्या, आबा. तुमच्या नावामागं ‘कै.’ छापलंय. आता तुमास्नी उठवायचं कसं?”

“येऊ नका असं न्हाय,” सुप्रिया म्हणाली. “गावचे म्हनून या. मागं बसा.”

इंदापूरच्या कार्यालयात दत्तोबा शेवटच्या रांगेत बसले. गावाला सगळं ठाऊक होतं. लग्न मोडायचं पाप गावाला नको होतं, पण गंमत हवी होती. शेजारी बसलेला गेणबा कानाशी लागून म्हणाला, “राम राम, कैलासवासी! वर जेवान कसं असतंय?”

दत्तोबांनी टाकलेल्या अक्षता पुढच्या रांगेतल्या टकलांवर पडल्या.

लग्न लागल्यावर जोडपं वडीलधाऱ्यांच्या पाया पडत मागंपर्यंत आलं. श्रेया त्यांच्यासमोर आली. वाकायला लागली, आणि तिथंच थांबली. तिनं एकदा सासरच्या माणसांकडे पाहिलं, पदर सावरला आणि गेणबाच्या पायाला हात लावला.

गेणबा जेवायला उठला. त्याच्या खुर्चीवर नवऱ्या मुलाचे वडील, संभाजीराव, धापा टाकत येऊन बसले आणि खोकू लागले. कोरडा, कुसळ अडकल्यासारखा खोकला. दत्तोबांनी तो पहिल्या ठसक्यालाच ओळखला.

“तुमी मुलीकडचे?” संभाजीरावांनी डोळे पुसत विचारलं.

“व्हय. गावचाच. खोकला कधीपास्नं?”

“हार्टच्या गोळ्या चालू झाल्या, तवापास्नं. काय केल्या जात न्हाय बघा.”

शब्द दत्तोबांच्या ओठावर आले होते. गोळी बदला, एवढंच तर सांगायचं होतं. त्यांनी स्टेजकडे पाहिलं. श्रेया नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगून हसत होती.

“ज्येष्ठमध चघळा,” ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुमच्या रानात एखादी खोली हाय का?”

“हाय की, मोटारीची. का वं?”

“न्हाय, काय न्हाय. तितं वारं चांगलं असतं.”