मनगटावरचं क्षितिज

कारागांडा शहरात विमानतळावरचा माणूस ओळखायचा असेल तर त्याला बाही वर करायला सांगावी. तिथं काही ना काही गोंदलेलं असतंच, आणि बहुतेक वेळा ते रौझानं गोंदलेलं असतं. सामान चढवणाऱ्या एका गड्याच्या कोपरावर विमानाचा पंखा आहे. हात वाकवला की तो फिरल्यासारखा दिसतो, आणि हा बाबा दिवसभर उगाचच हात वाकवत असतो. कुंपणाबाहेर कॅमेरे घेऊन थंडीत कुडकुडणारी हौशी मंडळी आहेत, त्यांतल्या एकानं अख्खी धावपट्टी पाठीवर उतरवून घेतली आहे, आकड्यांसकट. ती त्याला स्वतःला कधी दिसायची नाही, पण हमामात अंघोळीला गेला की सगळ्यांकडे पाठ करून बसतो. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही.

रौझाला या लोकांना हसायची सोय नव्हती. तिच्याही गळ्याखालच्या हाडावर जुनं दुहेरी पंखांचं विमान बसलेलं होतं. पूर्वी ती विमानतळावर हवामानाचे नकाशे काढायची. ते खातं बंद पडलं आणि पेन्सिल जाऊन हातात सुई आली. बसस्थानकामागच्या इमारतीच्या तळघरात तिचं दुकान होतं. वरून बर्फात मिसळलेली कोळशाची काजळी खिडकीवर साचायची आणि आत चहा सतत उकळत असायचा.

त्या दुपारी खुर्चीत तिचा धाकटा भाऊ सगिंदिक बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्या विमानाचा कप्तान म्हणून पहिल्यांदा उडणार होता, अल्माटीला, भरलेलं विमान घेऊन. इथल्या वैमानिकांची रीतच आहे, जुन्या विमानातली क्षितिजाची तबकडी डाव्या मनगटावर आणि नव्या विमानातली उजव्या. सगिंदिकचा डावा हात कधीचा भरलेला होता. उजव्यासाठी त्यानं किती वर्षं वाट पाहिली ते रौझाला ठाऊक होतं, कारण तेवढीच वर्षं तिनंही पाहिली होती.

ही तबकडी म्हणजे ढगात शिरल्यावर वैमानिकाचे डोळे. बाहेर काही दिसत नाही, आपलं शरीर तर धडधडीत खोटं सांगतं, तेव्हा विमान कुठल्या अंगाला कललंय ते हीच दाखवते. भानगड एवढीच, की जुन्या रशियन तबकडीत क्षितिजाची रेघ आडवी राहते आणि चिमुकलं विमान कलतं, जसं बाहेर उभं राहून दिसावं तसं. नव्या तबकडीत बरोबर उलटं. विमान जागच्या जागी आणि रेघ कलते, जसं समोरच्या काचेतून दिसावं तसं. त्यामुळे नव्या तबकडीत रेघेचं डावं टोक खाली गेलं, तर विमान उजवीकडे कललेलं असतं. जुन्या सवयीच्या माणसाला तेच चित्र डावीकडे कलल्यासारखं वाटतं. मग तो सावरायला म्हणून आणखी उजवीकडे वळवतो, आणि पुढे सावरायला काही शिल्लक राहत नाही.

"चल, हे बघ," गेनरिख इवानोविच म्हणाले आणि त्यांनी कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं करून सगिंदिकसमोर धरलं. म्हाताऱ्याचा जन्म विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला होता. हात लावलेलं प्रत्येक विमान त्यांनी अंगावर गोंदून घेतलं होतं आणि आता जागा संपल्यामुळे ते नुसतेच चहा प्यायला येत. दुखण्यावरून गिऱ्हाइकाचं मन काढायला त्यांनी हा खेळ शोधला होता. पानामागे पेन्सिलीनं नवी तबकडी काढायची, रेघ हवी तशी तिरपी मारायची आणि विचारायचं, कुठं कललंय?

"डावीकडे," सगिंदिक म्हणाला.

"हे?"

"उजवीकडे. गेनरिख इवानोविच, जरा अवघड विचारा की. हे तर माझी म्हातारी पण सांगेल."

"तुझी म्हातारी तुला इथं पाहील तर आधी कान धरेल, मग सांगेल."

ते खरं होतं. आईच्या मते अंगावर गोंदणं म्हणजे हराम. लेकीनं त्याचा धंदा केला आणि लेकानं त्यासाठी हात पुढे केला, तेव्हापासून ती दोघांच्या नावानं नमाजाला जास्तीचा वेळ बसत होती. तरी कप्तान झाल्याची बातमी ऐकून तिनंच मेंढा कापायला लावला होता. उद्या संध्याकाळी पाहुणे यायचे होते. सगिंदिकची बायको झानिल सकाळपासून कणीक मळत होती.

"आता फक्त शेवटची बाजू राहिली," रौझा म्हणाली.

"तोंड आवर गं," म्हातारा म्हणाला. " विमानवाल्यासमोर 'शेवटची' म्हणतेस? अपशकुन होतो. 'कडेची' म्हण."

"बरं, कडेची. सगिंदिक, आता हाडावरून जाणार आहे. हलू नकोस."

सुई मनगटाच्या हाडावर टेकली तशी सगिंदिकनं मान मागे टाकली. त्याच्या कपाळावर घाम आला. गेनरिख इवानोविचनी घाईघाईनं पान पुढे केलं. रेघेचं डावं टोक खाली होतं.

"कुठं?"

"डावीकडे."

म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. "गेलं! गेलं सगळं विमान स्टेपच्या माळरानात! अरे, उजवीकडे कललंय, कप्तानसाहेब."

सगिंदिकही हसला. थोरल्या बहिणीला तो आप्के म्हणायचा. "दुखतंय हो. आप्केचा हात म्हणजे नांगर आहे नुसता."

रौझा हसली नाही. तिनं सुई उचलली, पुसलं आणि पुन्हा त्याच जागी टेकवली, या वेळी थोडी जोरात. आपण हे मुद्दाम करतोय हे तिला कळत होतं. धाकट्या भावाला मुद्दाम दुखवायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती.

"आणखी एक दाखवा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं दाखवलं. या वेळी उजवं टोक खाली होतं.

"उजवीकडे," सगिंदिक दात आवळून म्हणाला.

पुन्हा उलटंच. या खेपेला कोणी हसलं नाही. गेनरिख इवानोविचनी ते पान हळूच उपडं ठेवलं. त्यांच्या छातीवर एका मित्राचं नाव होतं. तो मित्र ठणठणीत विमान घेऊन ढगात शिरला होता आणि पालथा होऊन जमिनीत गेला होता. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

"मी जरा वर जाऊन सिगरेट ओढतो," ते म्हणाले आणि कोट न घालताच जिना चढून गेले.

रौझानं मशीन बंद केलं. तबकडीचा गोल पुरा झाला होता. आतली रेघ अजून राहिली होती.

"दुखत होतं म्हणून झालं," सगिंदिक म्हणाला.

"मी कुठं काय म्हटलं?"

"तुझं तोंड म्हणतंय."

"सगिंदिक, हे आधी कधी झालं होतं?"

तो बूट न्याहाळू लागला. लहानपणी खिडकीची काच फोडून आला होता तेव्हाही त्यानं असेच बूट न्याहाळले होते.

"सिम्युलेटरमध्ये," शेवटी तो म्हणाला. "परीक्षेच्या आदल्या दिवशी. इंजिनाला आग दाखवली होती, घंटा वाजत होती, समोर नुसता ढग. मी उलट्या बाजूला दाबलं. पण लगेच कळलं, आप्के. लगेच. सावरलं मी."

"तुर्सुन-आगांनी पाहिलं?" वैमानिकांना नवं विमान शिकवणारे आणि त्यांची परीक्षा घेणारे तेच.

"ते मागं वळून चहा ओतत होते."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"काय सांगू? सगळ्यांना एखाद वेळी होतं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जुनी तबकडी त्याच्या डोळ्यांत इतकी वर्षं बसलेली. डोकं थंड असलं की नवीन शिकलेलं आठवतं, डोकं तापलं की जुनंच हाताशी येतं. यात त्याचा दोष नव्हता, हेही रौझाला पटत होतं. पण ढगाला दोष कोणाचा हे कुठं कळतं?

"आज जाऊन सांग त्यांना," ती म्हणाली.

"वेडी झालीस का? उद्या सकाळी उड्डाण आहे."

"म्हणूनच आज."

"आप्के, शेजारी दुसरा वैमानिक असतो. विमान स्वतः ओरडून सांगतं. तू काय समजतेस, मी एकटा बैलगाडी हाकतोय?"

"ते दोघं सगळं करणार असतील तर तुला कशाला बसवतात पुढं? शोभेला?"

त्याचा चेहरा लाल झाला. "तुला ठाऊक आहे सांगितलं तर काय होईल? कप्तानपद गेलं. परत शाळा, परत परीक्षा, आणि फायलीत कायमचा शेरा. माझ्यापेक्षा लहान पोरं पुढं जातील. आणि उद्या घरी पाहुणे येणार आहेत, त्यांना काय सांगू? मेंढा कशासाठी कापला म्हणू?"

"म्हण, बहिणीचा वाढदिवस होता."

"थट्टा सुचतेय तुला."

"मला रडू येतंय, मूर्खा. थट्टा करतेय म्हणून थांबलंय."

त्यानं बाही खाली ओढली. तिनं घाईनं मनगटावर पातळ प्लास्टिक गुंडाळलं, तेवढं त्यानं करू दिलं. मग कोट अंगात घालून जिन्यापाशी गेला.

"तू मला लहानपणापासून उडायला सांगितलंस," तो म्हणाला. "आणि आज जमिनीवर बस म्हणतेस." तिच्या उत्तराला न थांबता तो निघून गेला.

गेनरिख इवानोविच खाली आले तेव्हा थंडीनं त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी रिकामी खुर्ची पाहिली.

"जातो म्हणाला सांगायला?"

"काही म्हणाला नाही."

"मग जाणार नाही," म्हातारा म्हणाला. "मीही गेलो नव्हतो. माझा मित्र उलटं वाचतो हे मला माहीत होतं. म्हटलं, त्याचं तो बघेल, मोठा माणूस आहे." मग त्यांनी कप धुऊन ठेवला आणि घरी गेले.

रौझानं सुया उकळायला ठेवल्या. काढल्या. पुन्हा ठेवल्या. सगिंदिकला फोन लावला, त्यानं उचलला नाही. झानिलला लावला.

"इकडे नाही आला अजून," झानिल म्हणाली. मागं पोरांचा गोंगाट होता. "तुमच्याकडेच आहे ना? जास्त वेळ बसवू नका हं, पहाटे उठायचंय त्याला. आणि आप्के, वारा केवढा सुटलाय बघितलात का?"

वारा तिनं बघितला होता. इतकी वर्षं नकाशे काढलेल्या बाईला आभाळ वाचायला कागद लागत नाही. उद्या सकाळी ढग जमिनीला टेकणार होते.

फोन करावा तर भावाचं आयुष्य आपल्या हातानं मोडायचं. आईबापामागं मोठी बहीण म्हणजे आई, आणि इथं तर आईसुद्धा जिवंत होती, तिला काय तोंड दाखवायचं? तो पुन्हा बोलणार नाही, हे तर नक्कीच. न करावा तर उद्या सकाळी घड्याळाकडे बघत बसायचं. उद्या काही झालं नाही तर परवा. पुढच्या वर्षी. ज्या ज्या दिवशी आभाळ भरेल त्या प्रत्येक दिवशी. आणि त्याच्या मागं बसलेली माणसं, ज्यांनी तिकिटं काढली, खिडकी मागितली, सोबत मुलं घेतली, त्यांना तर कोणी विचारलंच नव्हतं.   

तुर्सुन-आगांचा नंबर तिच्याकडे होता. त्यांचीही दोन्ही मनगटं तिनंच गोंदलेली. तिनं फोन लावला आणि पलीकडून आवाज येताच, धीर सुटायच्या आत, बोलून मोकळी झाली.

"तुर्सुन-आगा, मी रौझा. सगिंदिकला उद्या उडू देऊ नका. तो तबकडी उलटी वाचतो. दुखलं, घाबरला की उलटी वाचतो. सिम्युलेटरमध्येही झालंय, तुम्हाला दिसलं नाही."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"रौझा," तुर्सुन-आगा सावकाश म्हणाले, "तो माझ्यासमोर बसलाय."

"काय?"

"मघाशीच आला. सगळं सांगितलं त्यानं. अजून अंगातला कोटसुद्धा काढलेला नाही. उद्या दुसरा कोणीतरी जाईल. याचं पुढं काय करायचं ते बघू, मला आत्ता सांगता येत नाही. थांब, त्याच्याकडे देतो."

नको, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तोवर फोन त्याच्या हातात गेला होता.

"आप्के."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी इथं येईन असं तुला वाटलं नाही," सगिंदिक म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

खोटं बोलायला किती सोपं होतं. वाटलं होतं रे, पण काळजी, वारा, असलं काहीबाही. सगळं जिभेवर तयार होतं.

"नाही वाटलं," ती म्हणाली.

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. मागं कोणीतरी खुर्ची सरकवली, बहुधा तुर्सुन-आगा उठून बाहेर गेले.

"मलाही नव्हतं वाटलं," तो म्हणाला.

फोन मात्र दोघांपैकी कोणी ठेवला नाही.