विषय तोच, जागा नवी

"जरा हसून बोल गं. मुलं आई-वडिलांना घेऊन येतायत," तिच्या कानाशी पुटपुटून सर पाहुण्यांकडे वळले.

संशोधनाच्या नव्या जागांचा फलक प्रयोगशाळेच्या दाराशी लावला होता आणि येणाऱ्यांना माहिती द्यायचं काम नेहमीसारखं तिच्याच गळ्यात पडलं होतं. तिचं इथलं पीएच.डी.चं हे पाचवं वर्ष. शहराला वीज कमी पडली, तर कुठल्या भागात किती कपात करावी, म्हणजे दवाखाने आणि पाण्याचे पंप बंद पडणार नाहीत, हे संगणकाकडून झटपट काढून घ्यायचं, एवढाच तिचा ध्यास. त्यासाठी लागायचा विभागातला मोठा संगणक. पण सरांचं कुठल्या तरी कंपनीचं काम आलं, की तिच्या अर्ध्या झालेल्या गणिताला गाशा गुंडाळावा लागायचा. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. घरी सासरे विचारायचे, "झालं का गं तुझं?" ती म्हणायची, "होतंय." त्या 'होतंय'वर आता तिचाच विश्वास उरला नव्हता.

फलक वाचता वाचता ती थबकली. पहिल्याच जागेपुढे तिचा विषय छापला होता. शब्दन्‌शब्द तिचा.

"सर, हे माझं काम आहे."

"अगं, तुझी मुदतवाढ नामंजूर झालीय. सांगणारच होतो. चांगला विषय वाया कशाला घालवायचा?"

"मशीन दिलं असतंत, तर कधीच संपला असता."

"आत्ता नको. लोक बघतायत."

तेवढ्यात एक मुलगी वडिलांसोबत पुढे आली.

"ताई, या पहिल्या विषयावर आधी कुणी काम केलंय?"

"मी केलंय."

"मग सुटला नाही?"

"सुटत आलाय. सोडवू दिला नाही."

सर घाईघाईने हसले. "गंमत करते हं आमची!"

"गंमत नाही," ती म्हणाली. आपला आवाज चढला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "यायचंच असेल, तर मोठ्या संगणकावरचा तुझा वेळ आधी ठरवून घे. तोही लेखी. 'बघू, देऊ' ऐकण्यात माझी उमेद गेली."

वडिलांनी मुलीचा दंड धरला. "चल बाळा. इथलं काही खरं दिसत नाही."

मुलगी हलली नाही. "पण ताई, अडलंय कुठे?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. सर विचारायचे, कधी संपेल. घरचे विचारायचे, कशाला करतेस. तिला त्या पोरीचा क्षणभर रागच आला. मग तिने शेजारची खुर्ची ओढली.

"बैस. विजेची एक वाहिनी बंद पडली ना, की तिचा भार शेजारच्या वाहिनीवर जातो. तीही कोलमडायच्या आत, कपात कुठे करायची, याचं उत्तर हवं असतं..."

सर मागे दोनदा खाकरले. तिने मान वर केली नाही. कोऱ्या कागदावर रेघा ओढत ती सांगत राहिली. 'माझं गणित', 'माझं गणित' म्हणता म्हणता ती आता नुसतं 'हे गणित' म्हणू लागली होती.