सीटबेल्टच्या पट्ट्याची पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो, आणि कितीही हिसके बसले तरी माझा पट्टा कधी तुटला नाही. याचा मला फार गर्व होता. आता लाज वाटते.

माझा जन्म कॉव्हेंट्रीत झाला. मुरलीधर तिथल्या एका मोटारींच्या कारखान्यात कामाला होते. तपासणीसाठी तिथे गाड्या मुद्दाम भिंतीवर आपटत. आतल्या पुतळ्यांच्या मानांना हिसके बसत, काचांचा चुरा होई, पण सीटबेल्ट तुटत नसे. असाच एक पट्टा रंग बिघडला म्हणून टाकून दिला होता. साहेबांना विचारून मुरलीधरांनी तो घरी आणला. त्यांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी, काळ्या जाड कापडाची पिशवी शिवून तिला तो जोडला. "हत्ती बांधला तरी तुटायची नाही," असे मुरलीधर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात आडवी लटकले. प्रवासात घरच्या सगळ्यांचे पासपोर्ट माझ्याच पोटात. हॉटेलच्या तिजोरीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

यंदा त्यांच्या नातीने, मायराने, आजीआजोबांना बार्सिलोनाला नेले. तीन दिवस मोटारींची शर्यत, मग दोन दिवस शहर. शर्यतीत पहिल्याच वळणावर दोन गाड्या एकमेकींत घुसल्या. एक चाक उखडून कुंपणावर आदळले, गाडी उलटी होऊन ठिणग्या उडवत घसरत गेली. यमुनाबाईंनी डोळे मिटून घेतले. पण ड्रायव्हर आपल्या पायांनी बाहेर आला. मुरलीधरांनी मला थोपटले. "बघितलंस मायरा? पट्ट्यानं वाचवलं त्याला!" मी तर फुगूनच गेले.

दुसऱ्या दिवशी शहर बघायला निघताना मायरा म्हणाली, "आजोबा, बॅग सेफमध्ये ठेव ना. इथे स्नॅचिंग होतं."

"पासपोर्ट अंगावर असले की घोर नाही, बाळा," ते म्हणाले.

भरदुपारी एका अरुंद गल्लीत मागून मोटारसायकल आली. मागे बसलेल्याने मला धरून हिसका दिला. दुसरी पिशवी असती तर तुटून त्याच्या हातात गेली असती. मी तुटले नाही. मुरलीधर धाडकन तोंडावर पडले आणि मोटारसायकल पळतच राहिली. दगडी फरशीवरून ते फरफटत गेले. गालाची कातडी सोलून निघाली, दोन दात पडले, माझा पट्टा त्यांच्या मानेत रुतला. चोर ओढत होता, आणि मुरलीधरही मला दोन्ही हातांनी कवटाळून होते.

"लेट गो! आजोबा, दे त्याला!" मायरा किंचाळत धावली.

"अहो, सोडा ती! पाया पडते तुमच्या, सोडा!" यमुनाबाई ओरडत होत्या.

खांदा मोडल्याचा आवाज मी ऐकला. मित्रांनो, त्या क्षणी मला मनापासून तुटायचे होते. मला ते जमलेच नाही. शेवटी मोटारसायकल खांबाला धडकली, चोराची पकड सुटली आणि दोघेही चोर पळाले. इस्पितळात पट्टा कापताना नर्सची कात्री चालेना, दुसरी मोठी आणावी लागली. तिन्ही पासपोर्ट जसेच्या तसे निघाले.

आता कॉव्हेंट्रीच्या घरी मुरलीधरांचा उजवा हात वर होत नाही. यमुनाबाई त्यांना भात भरवतात. तरी कोणी भेटायला आले की ते सांगतात, "पासपोर्ट नाही जाऊ दिले!" मायरा एकदाच म्हणाली, "पासपोर्ट नवीन मिळतो, आजोबा. तू नाही मिळत."

परवा मुरलीधरांनी माझा पट्टा पुन्हा शिवायला सांगितला. यमुनाबाईंनी सुईत एकेरी दोरा ओवला आणि डोळे पुसत पुसत नुसता कच्चा टाका घातला. जरा ओढले तरी निघेल असा.

"झाली का पक्की?" मुरलीधरांनी आतून विचारले.

"हो, झाली," यमुनाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला जपा, असे मी सांगणार नाही. कोणी मला ओढले तर आवळून धरू नका. मला जाऊ द्या, आणि तुम्ही घरी या.