शेवटच्या माणसाची टोपी

एल्डर फॉल्स गावच्या युनिव्हर्सिटीची होमकमिंगची, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची, मिरवणूक दर ऑक्टोबरात निघते. तिच्या पुढे गाडीत बसवायला मोठे झालेले जुने विद्यार्थी मानकरी म्हणून बोलावतात. बहुतेकदा हे मानकरी शिकत असताना गावाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं. नाव झालं की मग ज्याला त्याला आठवतं, हा तर आमच्याच दुकानात डोनट खायचा. सिग्ने हॉगेनचं तसं नव्हतं. तिला गाव ओळखून होतं. घोडेवाल्या हॉगेनची थोरली, शिकली आणि बर्फ उकरायला उत्तरेला निघून गेली. ग्रीनलंडच्या बर्फात खोल भोक पाडून जुन्या काळची हवा कशी होती ते सांगणारी बाई म्हणून जगात तिचा दबदबा होता. गावात मात्र ती सख्ख्या भावाशी अबोला असलेली बाई होती.

अबोल्याचं कारण एकच वाक्य. वडिलांना पुरून आल्यावर स्वयंपाकघरात, चार माणसांदेखत ती भावाला, आर्विडला, म्हणाली होती, "विकून टाक आता ते घोडे. लीद उपसण्यात जन्म गेला तुझा." तिला म्हणायचं होतं, तू दमलास, आता जरा स्वतःसाठी जग. पण तोंडातून निघालं ते हे. आर्विडही त्याच युनिव्हर्सिटीत शिकत होता, तिच्या मागच्या वर्गात. घोडा अंगावर पडून वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दोघांपैकी कुणीतरी शिक्षण सोडून घरी यायला हवं होतं, आणि तो काही न बोलता आला. सिग्ने शिकत राहिली. ते वाक्य ऐकून त्याने कॉफीचा कप विसळला, पालथा घातला, आणि त्यानंतर तिच्याशी तो बोलला नाही. आमच्याकडची माणसं भांडत नाहीत. भांडली असती तर दोन दिवसांत मिटलं असतं.

मानसन्मान सिग्नेला नवे नव्हते. मेडलं तिने कपाटात मोज्यांखाली ठेवलेली होती. पण गावचं बोलावणं आलं तेव्हा तिने लगेच होकार कळवला आणि भावजयीला, बर्निसला, फोन लावला.

"त्याला सांग, मिरवणुकीच्या दिवशी भेटू."

बर्निस आत जाऊन आली. "तो म्हणतो, ती सगळ्यात पुढे, मी सगळ्यात मागे. मधे आख्खी मिरवणूक. गाठ पडायची कशी?"

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? दोन दगडांच्या मधे हात घालायचं माझं वय नाही आता."

आर्विड म्हणाला ते खोटं नव्हतं. शेवटचा माणूस ही आमच्या मिरवणुकीतली गादीच आहे. सगळ्यात मागे हॉगेनांच्या पिवळट घोड्यांची गवताची गाडी असते, दमलेली पोरं आणि गुडघे धरलेली म्हातारी माणसं तिच्यात बसतात. तिच्या मागून काळी टोपी घालून, एकचाकी ढकलगाडी आणि फावडं घेऊन शेवटचा माणूस चालतो. घोड्यांनी रस्त्यावर केलेलं तो भरून घेतो. मागून येऊन त्याला ओलांडून कुणी पुढे जायचं नाही. खेळाच्या मैदानाच्या फाटकाशी त्याने टोपी काढली की मिरवणूक संपली. तोवर कुणी खुर्ची आवरत नाही. आधी हे काम वडील करायचे, त्यांच्यानंतर आर्विड.

त्या दिवशी सिग्ने फिकट निळ्या, उघड्या टपाच्या गाडीत मागच्या सीटच्या पाठीवर बसली होती. अंगात पांढरा लोकरी कोट, खांद्यावरून तिरपा निळा पट्टा. गाडी लाईलची होती, तो हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि तोंडही. मागच्या गाडीत दुसरे मानकरी होते, हॉकीचे एक जुने प्रशिक्षक, आणि त्यांच्या मागे बँड. गाडी इतकी हळू चालली होती की ती चाललीय की दोन्ही बाजूंची घरं सरकताहेत, हे कळेना. प्रवासात झोप झालेली नव्हती. मेपलची लाल पानं एकेक करून, घाई नसल्यासारखी खाली येत होती. बँडचा आवाज मागून येऊन पाठीला लागत होता आणि त्या धक्क्यानेच आपण पुढे चाललो आहोत असं तिला वाटत होतं.

फुटपाथवर तिला चर्चमधले ऑर्गनवाले लुंड दिसले. तिने जोरात हात केला. मग आठवलं, लुंड जाऊन किती वर्षं झाली. तो नातू असणार. त्यानेही हात केला, अगदी लुंडसारखा, कोपर अंगाशी धरून. पुढे एका अंगणात तिची जुनी वर्गमैत्रीण विशीतल्या वयाची उभी होती, कडेवर मूल. तिलाही सिग्नेने हात केला. खरं कोण आणि आठवणीतलं कोण, हे निवडत बसायचा तिला कंटाळा आला.

"यंदा शंभरावं वर्ष," लाईल सांगत होता. "कमिटीने कुणाला नाही म्हटलं नाही. दातांचे डॉक्टर आहेत. गवत कापायची यंत्रं ढकलत नाचणारे बापे आहेत. माझी मेहुणीसुद्धा आहे कशात तरी."

"शेवट कुठे आहे?" सिग्नेने विचारलं.

"शेवट अजून निघायचाय, डॉक्टर."

मिरवणूक मैदानाच्या फाटकापासूनच निघते, मोठ्या रस्त्याने चर्चला वळसा घालून नदीकाठाने परत फाटकाशी येते. दर वर्षी पहिली गाडी परत येईतो शेवटची कधीच निघून पुढे गेलेली असते. यंदा लाईलची गाडी नदीकडून वळली तेव्हा फाटकातून घोडे नुकते बाहेर पडत होते. मागोमाग ढकलगाडी, आणि काळी टोपी.

लाईलने ब्रेक दाबला.

"आता?" सिग्ने म्हणाली.

"आता काय. शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही."

"पण आपण पहिले आहोत ना?"

"होतो," लाईल म्हणाला आणि त्या टोपीमागे हळूच गाडी लावली.

बँडने पाहिलं की मानकरी निघाले, म्हणून बँडही निघाला. मिरवणुकीला आता ना शेंडा राहिला ना बुडखा. ज्यांनी सिग्नेला एकदा पाहिलं होतं त्यांना ती परत दिसायला लागली. तेच चेहरे, तीच पानं, तेच गाणं, फक्त लोकांच्या हातातली डोनट संपलेली. लुंडच्या नातवाने पुन्हा कोपर अंगाशी धरून हात केला. सिग्नेचं लक्ष नव्हतं. तिच्या समोर, दोन हातांवर, भावाची पाठ होती. डावा खांदा जरा उतरलेला, वडिलांसारखा. त्याला मागे कोण आहे ते ठाऊक होतं, कारण त्याची मान ताठ झाली होती.

एक घोडा थांबला, शेपूट वर केली आणि आपलं काम केलं. आर्विडने फावड्याने भरायला सुरुवात केली. ढकलगाडीत अजून एक फावडं आडवं पडलं होतं, वडिलांचं, आखूड दांड्याचं. लहानपणी त्या फावड्यावरून दोघांची मारामारी व्हायची. सिग्नेला एकाएकी इतकं भरून आलं की बसवेना. ती सीटवरून घसरून खाली आली आणि दार उघडलं.

"डॉक्टर, मानकऱ्यांनी उतरायचं नसतं," लाईल म्हणाला.

ती उतरली. आखूड फावडं उचललं आणि लिदीत घातलं. अर्धी आली, अर्धी बुटावर पडली.

"कोट खराब होईल," आर्विड म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"होऊ दे."

"तिरकं धर. विसरलीस."

"बर्फात सरळ धरतात."

"हा बर्फ नाही."

दोघं चालायला लागली. चर्च आलं. सिग्ने म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं बोलले, आर्विड. तू घरी आलास म्हणून मला जाता आलं. हे मला तेव्हाही माहीत होतं."

त्याने ढकलगाडी पुढे रेटली. चर्च मागे पडलं, नदी आली. पाण्यावर ऊन इतकं मऊ पडलं होतं की बँडसुद्धा लांबून, पाण्याखालून वाजत असल्यासारखा ऐकू येत होता. तिला वाटलं, उत्तर यायचं नाही, आणि तरी असं चालत राहिलं तरी चालेल. तेवढ्यात घोडा पुन्हा थांबला. ती वाकली, आणि निळ्या पट्ट्याचं टोक, त्यावरच्या सोनेरी अक्षरांसकट, लिदीत बुडालं.

आर्विडने ते बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बघ," तो म्हणाला. "गेला तुझाही जन्म."

सिग्ने हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि फावड्यावर टेकून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. त्याने खिशातून रुमाल काढून दिला. रुमालाला घोड्याचा वास येत होता, आणि तो तिने तोंडावरून लवकर काढला नाही.

पुढून गवताची गाडी हाकणाऱ्या बर्निसने मान न वळवता विचारलं, "बोलला का तो?"

"बोलला."

"बरं झालं. आता मलाही ऐकू येईल असं बोला."

फाटक आलं. कडेला लोकांनी घोंगड्या झटकल्या, खुर्च्या मिटायला घेतल्या. ऊन उतरलं होतं, घरोघरी जेवणं व्हायची होती. आर्विडने सवयीने टोपीला हात लावला आणि बहिणीकडे बघितलं. तिच्या कोटावर, हातांवर, गालावरसुद्धा डाग होते.

"दमलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने टोपी खाली ओढून घट्ट बसवली.

"बर्निस," तो म्हणाला, "अजून एक फेरी."

घोडे पुन्हा मोठ्या रस्त्याला लागले, आणि उठलेलं गाव परत खुर्च्यांवर बसलं.