‘फक्त सहा महिने वापरलेले’

मित्रांनो, माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे, आणि माझ्याबद्दल इतके खोटे बोलले गेले आहे की मी स्वतः तोंड उघडले तरी तुम्ही दोनदा विचार केलेलाच बरा.

कम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणे हे माझे काम. खेळातला रस्ता, डोंगर, वळणावरचे झाड, सगळे एका सेकंदात साठ वेळा नव्याने रंगवायचे. अशाने अंग तापते, म्हणून माझ्या पाठीवर धातूच्या पातळ पट्ट्या आणि दोन पंखे बसवले आहेत. दूरदेशीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे तपासणी करणाऱ्या बाईंनी मला यंत्रात घातले, तेव्हा समोर एक हिरवे रान उमटले. बाईंनी मान हलवली आणि मला डब्यात बंद केले. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ मी एकही चित्र काढले नाही.

तुम्ही म्हणाल, हे कसे? सांगतो.

मला विकत घेतले ते सांगलीजवळच्या माधवनगरच्या यशराजने. त्याच्या वडिलांची यंत्रमागाची शेड होती. अर्ध्या शेडमध्ये भाडेकऱ्याचे माग खडखडत असत आणि उरलेल्या अर्ध्या भागात यशराजने लोखंडी घोडा, म्हणजे उघडी मांडणी, उभी केली होती. त्यावर त्याने आम्हा बारा कार्डांना ओळीने बसवले. समोर पडदा नव्हता. आम्ही फक्त गणिते सोडवायची. त्या गणितांतून आभासी नाणी मिळतात, असे तो मित्रांना सांगे. सकाळी येऊन तो आमच्या पंख्यांचा आवाज ऐके आणि म्हणे, “शाब्बास रं वाघांनो!” तेवढ्या शब्दांवर आम्ही दिवस काढायचो.

दोन उन्हाळे गेले. वर पत्र्याचे छप्पर आणि पलीकडे माग. मागांवरून उडणारे कापसाचे तूस आमच्या पट्ट्यांत जाऊन बसे. ते कधी कोणी काढले नाही. माझा एक पंखा अडकून मोडला, तेव्हा शेजारच्या बंद पडलेल्या कार्डाचा पंखा काढून मला लावला. तो माझ्या मापाचा होता, पण रंगाने थोडा फिका.

मग त्या गणितांतून नाणी मिळणेच बंद झाले. घोडा मोडला आणि आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात गेलो. वर्षाहून अधिक काळ आमच्याकडे कोणी फिरकले नाही. एके दिवशी यशराजने खोके उघडले. रंगाच्या ब्रशने त्याने माझे अंग वरवर झाडले, कधी उघडलेच नाही असे भासावे म्हणून स्क्रूवर कंपनीचे वाटावे असे कोरे स्टिकर चिकटवले आणि मला बहिणीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवून फोटो काढला. खाली लिहिले, ‘घरगुती. फक्त गेमसाठी. फक्त सहा महिने वापरलेले.’

मित्रांनो, मला लाज वाटली. पण कार्डाला तोंड नसते. त्या दिवसापासून मीही माणसांकडे संशयाने पाहू लागलो.

फोटो पाहून कोरेगावहून एक बाप आणि लेक आले. नानासो सैन्यात ड्रायव्हर होते. बावीस वर्षे बर्फाच्या घाटांतून ट्रक चालवून ते निवृत्त झाले होते. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी गाडी बंद केली. लेक अपेक्षा साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला होती. कारखान्यातल्या मैत्रिणीच्या घरी तिने ट्रक चालवण्याचा एक खेळ पाहिला होता. त्याला खरे स्टिअरिंग जोडता येते आणि पायाशी तीन पेडल असतात. क्लच डाव्या पायाने दाबायचा. व्यायाम करा म्हटले की नानासो भिंतीकडे तोंड करून झोपत. पण क्लच म्हटल्यावर ते उठून बसले होते.

त्या खेळाला माझ्यासारखे कार्ड लागते, पण ते निवडणे सोपे गेले नाही. साताऱ्याच्या एका दुकानदाराने चकचकीत नवे कार्ड पुढे केले. अपेक्षाने खेळाला लागणारी मेमरी विचारली, तर तो डब्यावरचे चित्रच दाखवत राहिला. मोबाईलवर दुसरे एक फार स्वस्त सापडले, पण त्याचा फोटो तिला आणखी तीन ठिकाणी तीन वेगळ्या नावांखाली दिसला. तिसरा मी.

यशराजने त्यांना घरात बसवले, चहा दिला. नानासोंनी चहाला हात लावला नाही.

“काका, घरचाच पीसी हाय. गेम खेळत हुतो, बास,” यशराज म्हणाला.

“कुठला गेम?”

यशराज अडखळला. “लय हायत. एक न्हाई.”

“एकाचं नाव सांग की.”

यशराजने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. नानासोंनी मला उचलून नाकाशी नेले आणि हुंगले. मग खिशातल्या काडेपेटीतली काडी घेऊन माझ्या पट्ट्यांत घातली आणि तुसाची एक गुंडाळी बाहेर ओढली.

“ह्यो कापूस कुठला?”

“शेजारी माग चालत्यात काका. उडतंय तूस.”

“उडत घरात आलं, कम्प्युटरचं झाकण काढून आत गेलं आन ठासून बसलं व्हय?” नानासोंनी मला उलटे केले. “दोन पंख्यांचा रंग येक न्हाई. आन सगळ्या अंगाव धूळ हाय, ह्या स्टिकराव का न्हाई?”

यशराजने घाईने मला एका कम्प्युटरला जोडले आणि दोन मिनिटे चित्र दाखवले. “बघा, कसं पळतंय!”

“दोन मिनिटं तर बसाय आल्यालं इंजिन बी पळतंय गड्या.”

अपेक्षा पुढे झाली. ती म्हणाली, “सांगलीत स्टँडजवळ जीनतताईंचं दुरुस्तीचं दुकान हाय. तिथं उघडून बघू. मग ठरवू.”

यशराजला ते पटले नाही. हे लोक कार्ड बदलून दुसरेच परत देतील, असे त्याला वाटले. त्याने माझ्या अंगावरचा नंबर तळहातावर पेनाने लिहून घेतला आणि स्वतः बरोबर निघाला. रिक्षात तिघेही एकमेकांकडे न बघता बसले होते. मी अपेक्षाच्या मांडीवर होतो आणि यशराजची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

जीनत चाळिशीच्या आसपासची, कमी बोलणारी बाई. तिने टेबलावर कापड पसरले, स्टिकर नखाने उचलले आणि माझे स्क्रू काढले. चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप वाळून खडूसारखा झाला होता. मेमरीखालच्या मऊ पट्ट्यांतून तेल पाझरले होते. तिने ते बोटावर घेतले आणि यशराजकडे पाहिले.

“किती कार्डं होती घोड्यावर?”

यशराज तळहातावरचा नंबर अंगठ्याने चोळू लागला. “बारा.”

“किती वर्षं?”

“दोन. दिवसरात.”

नानासोंनी काठी उचलली. “चल अपे. म्हातारा म्हणून गंडवाय बसल्यात सगळी.”

“थांबा काका,” जीनत म्हणाली. “माझ्याकडं नाव बदललेली कार्डं येतात. वर एक लिहिलेलं, आत भलतंच. हे तसं नाही. कार्ड खरं आहे, बोलणारा खोटा निघाला. तासभर बसा. मी लेप आणि पट्ट्या बदलते, पंखे साफ करते आणि मग सगळा जोर लावून चालवते. टिकलं तर टिकलं.”

तिने मला स्वतःच्या कम्प्युटरला जोडले आणि पडद्यावर डोंगरातला रस्ता सुरू केला. मित्रांनो, कारखान्यातल्या त्या रानानंतर इतके मोठे चित्र मी पहिल्यांदाच रंगवत होतो. कोपऱ्यात माझ्या तापमानाचा आकडा दिसत होता. नानासोंनी काठी भिंतीला टेकवली आणि गाडीच्या मीटरकडे बघावे तसे तासभर त्या आकड्याकडे बघत राहिले. आकडा चढला आणि एका जागी थांबला. रस्ता एकदाही अडखळला नाही.

“घ्यूया,” ते अखेर म्हणाले. मग यशराजकडे वळले. “पर तुज्या शब्दाव न्हाई. ह्या बाईच्या. तू पयल्यांदाच खरं बोलला असतास, तर मी तुजा चहा बी पिलो असतो.”

कोरेगावला माझे दिवस बरे सुरू झाले. नानासो खुर्चीत बसत आणि दोन्ही हातांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवत. पहिल्या दिवशी पाय घसरला. दुसऱ्या दिवशी क्लच अर्धा दबला आणि ट्रक गचका खाऊन बंद पडला. नानासो स्वतःलाच शिव्या घालत होते, पण उठत नव्हते. अपेक्षा दारात उभी राहून तोंडावर ओढणी धरून हसत होती.

पाचव्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पूर्ण क्लच दाबला, गिअर टाकला आणि ट्रक घाटाला लावला. तिसऱ्या वळणावर अचानक सगळे काळे झाले. पडदा आणि पंखे दोन्ही बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा घाट आला, पुन्हा तेच. नानासोंनी पाय पेडलवरून खाली ओढला.

“ऱ्हाऊ दे. माज्या नशिबात आता गाडी न्हाई,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

अपेक्षाने यशराजला फोन लावला. “जळकं कार्ड गळ्यात मारलंत न्हवं? माझा बाप उठून बसला हुता! आता जेवत बी न्हाई.”

“ताई, शपथ घिऊन सांगतो, माझ्याकडं असताना कवा बंद पडलं न्हाई.”

“तुमची शपथ? सहा महिन्यांची?”

यशराजने फोन ठेवला. या वेळी तो खरे बोलत होता, मित्रांनो. मला माहीत होते, कारण माझे अंग थंड होते. घाटाचे भारी चित्र आले की पुरेशी वीजच माझ्यापर्यंत पोचत नव्हती. पण मी कोणाला सांगणार? आणि त्याचे तरी कोण ऐकणार?

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. “कम्प्युटरचा पुरा डबा घिऊन जीनतताईकडं या. मी बी येतो. खराबी कार्डात निघाली, तर सगळं परत करतो. ताईंच्या समोर.”

नानासो यायला तयार नव्हते. अपेक्षाने त्यांना अक्षरशः उठवले. सकाळच्या रेल्वेने दोघे सांगलीला निघाले. कम्प्युटर नानासोंच्या मांडीवर होता आणि वाटेत त्यांनी त्यावर एकदाही हात ठेवला नाही.

जीनतने आधी मला काढून तिच्या कम्प्युटरला लावले. तोच घाट सुरू केला. अर्धा तास झाला, मी चालतच होतो. यशराजने घाम पुसला. मग जीनतने आमच्या डब्यातला वीज पुरवणारा भाग बाहेर काढला. तो अपेक्षाने साताऱ्यातल्या त्याच दुकानातून, बिलासकट, सीलबंद खोक्यात नवा घेतला होता. त्याच्यावर कोणी संशय घेतला नव्हता. जीनतने तो दोन्ही हातांत तोलला, कानाशी हलवला आणि झाकण उघडले.

आत चार बारीक तारा आणि लहानसे वेटोळे होते. कोपऱ्यात सिमेंटचा एक तुकडा चिकटवला होता. वजन भरावे म्हणून!

नानासोंनी तो तुकडा हातात घेऊन फिरवून पाहिला.

“नव्याला कुणी हुंगून बघितलंच न्हाई,” ते म्हणाले. मग यशराजला हाक मारली. “हिकडं ये रं. तुज्याव पयला संशय घेतला, त्यो बरोबर हुता. दुसरा चुकला. माजी पोरगी तुला बोलली, मनाला लावून घिऊ नगं.”

“न्हाई काका. मीच तशी येळ आणली.” यशराज पुढे आला. “अजून पाच कार्डं हायत माझ्याकडं. तेंच्या खाली बी तेच लिवलंय.”

“मग काढ मोबाईल.”

नानासोंच्या देखत, तिथेच उभे राहून, यशराजने ती ओळ पाच वेळा पुसली आणि पाच वेळा लिहिले, ‘दोन वर्षे शेडमध्ये दिवसरात्र चाललेले. उघडून तपासून घ्या.’ आता ती कोणी घेईल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नाही.

जीनतने आमच्या डब्याला वीज पुरवणारा वजनदार, खरा भाग बसवला. त्या दुकानातले बिल आणि सिमेंटचा तुकडा अपेक्षाने पिशवीत घालून घेतला. तिची ग्राहक मंचातली तक्रार अजून चालू आहे.

आणि नानासो? ते आता घाट चढतात. डावा पाय हाताने उचलावा लागत नाही. गेल्या आठवड्यात ते काठी न घेता अंगणातल्या नळापर्यंत गेले आणि परत आले. डॉक्टर म्हणाले, व्यायामाचा गुण. नानासोंनी त्यांना सांगितले, “व्यायाम न्हाई डॉक्टर, गिअर टाकतोय.”

माझ्यावर मात्र त्यांचा अजून पुरता विश्वास नाही. दर रविवारी ते झाकण उघडून ब्रशने माझी धूळ काढतात, स्क्रू हलवून पाहतात, पंख्याला कान लावतात. मला तो संशय आवडतो. शेडमध्ये सगळे माझ्यावर खूश होते आणि कोणी माझे तूस काढले नाही.

म्हणून, मित्रांनो, एवढेच मागतो. वस्तू नवी असो की जुनी, डबा बघून भुलू नका. उघडा, विचारा, पारखा. घरी आणल्यावर तिची धूळ पुसा. आणि तुमची वापरलेली वस्तू कधी दुसऱ्याला द्याल, तेव्हा तिने जे सोसले ते सगळे खरेखुरे सांगा. आम्हाला ते सांगता येत नाही, आणि जिथे आम्ही जातो तिथे एखादा माणूस आमच्या भरवशावर पहिल्यांदाच पाय उचलत असतो.