थेमेलिसच्या पाठीची पाटी

काल दिवस मावळताना स्केवोस अंगणात नाचला, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. आमच्या कालिम्नोस बेटावर पाणबुड्यांचा एक नाच आहे. पुढचा गडी हातात काठी घेतो आणि समुद्राने पाय नेलेल्या माणसासारखा लटपटत फेर धरतो. अशा माणसांचा मान म्हणून तो नाचायचा असतो. स्केवोस मात्र पाहुण्यांच्या टाळ्यांसाठी नाचला. त्याचा बाप थेमेलिस चाकाच्या खुर्चीत बसून बघत होता, आणि त्याचा पाय खराच लटपटत होता.

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पाटी आहे. हल्ली मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकवून ठेवलंय, दार उघडू नये म्हणून. अंगावर कोंबड्यांची घाण आहे. तरी मला बिचारी म्हणायचं नाही. मी थेमेलिसच्या पाठीवर समुद्राचा तळ पाहिलाय.

नोमिकोस लोहाराने मला बोटीच्या उरलेल्या पत्र्यातून कापलं, मधोमध पन्हळ काढली, काठ कानशीने घासले. थेमेलिसच्या बायकोने, कालोतिनाने, एकच लांब पट्टा माझ्या भोकांतून ओवला, खांद्यांवरून थेट कमरेपर्यंत. "जोड आला की तुटणं आलं," असं ती म्हणायची. पट्ट्याबद्दल म्हणायची की सोयरिकीबद्दल, देव जाणे.

माझ्या मागे हवेची टाकी, आणि टाकीच्या नि माझ्या मध्ये एक रबरी फुगा. त्याला पंख म्हणतात. त्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. फुगा पाठीवर असल्यामुळे थेमेलिस पाण्यात माशासारखा आडवा राहायचा, छाती मोकळी, तळाच्या खडकांवर वाढणारे स्पंज कापायला दोन्ही हात मोकळे. शिवाय मी अंगानेच जड. म्हणून त्याच्या कमरेच्या पट्ट्यात शिशाचे दोनच तुकडे असायचे. खाली राहायला लागणारं बाकीचं वजन मी होते. मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा.

ती आमची चांगली वर्षं होती. पाण्यातून आला की थेमेलिस मला आधी गोड्या पाण्याने धुवायचा, मग स्वतःचं तोंड. बोटीवरचे म्हणायचे, "याने बायकोचे इतके लाड केले असते तर?" कालोतिना म्हणायची, "ती उलटून बोलत नाही ना, म्हणून."

मग स्पंजांना रोग लागला. धंदा बसला. स्केवोसने बापाच्याच बोटीवरून हौशी पाहुण्यांना पैसे घेऊन पाण्यात उतरवायला सुरुवात केली आणि त्यांच्यासाठी जाकिटं आणली. जाकीट म्हणजे छातीला, पोटाला, बगलेला सगळीकडून फुगणारं, खिशाखिशांचं. बापलेकांचं त्यावरून रोज वाजायचं. बाप म्हणायचा, हे बरगड्या आवळतं. मुलगा म्हणायचा, नवख्याला हे पाण्याच्या वर सरळ उभं धरतं, तुमचा पंख जास्त फुगवला तर माणूस तोंडावर कलंडतो. मला राग यायचा, पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. नवख्यासाठी जाकीट बरं. जो तळाशी ओणवा राहून काम करतो त्याच्यासाठी मी. भांडणासारखं त्यात काही नव्हतं.

पण स्केवोसला जाहिरातीचा फोटो काढायचा होता. सगळी जाकिटं निळी, आणि मधेच एक म्हातारा, पाठीवर ओरखडलेला पत्रा. त्याने मला उचलून दोरांवर टाकलं आणि बापापुढे निळं जाकीट धरलं.

"हे काय, लग्नाचं वास्कट?" थेमेलिस म्हणाला.

"आजच्या दिवस घाला, बाबा. माझ्यासाठी."

मुलाने 'माझ्यासाठी' म्हटल्यावर बाप काय करणार? घातलं. कमरेला पट्टा मात्र त्याचाच, शिशाचे तेच दोन तुकडे. कालोतिना धक्क्यावर उभी होती. तिने मुलाला विचारलं, "त्यांचं वजन तोललंस का?"

"आई, ते काय पाहुणे आहेत?"

पाहुण्यांना तो दर वेळी तोलायचा. गळ्याइतक्या पाण्यात नेऊन पाय उचलायला लावायचा, श्वास धरायला लावायचा. पाणी डोळ्यांशी आलं तर ठीक, माणूस वर राहिला तर आणखी शिसं. पण कालिम्नोसच्या पाणबुड्याला धक्क्यावरच्या लोकांसमोर असं पोराटोरासारखं उभं करायचं म्हणजे घराण्याची शोभा. थेमेलिसनेही मागितलं नाही, स्केवोसनेही सुचवलं नाही.

खाली जाताना टाकी भरलेली, जड, म्हणून कळलं नाही. परतताना ती रिकामी होत हलकी झाली, जाकीट आधीच हलकं, आणि मी दोरांवर पडलेली. वर यायच्या आधी दोराला धरून थांबायचं असतं, अंगात मुरलेली हवा हळूहळू बाहेर पडावी म्हणून, नाहीतर तीच पाय लुळे करते. त्याला थांबता आलं नाही. मी बोटीवरून पाहिलं. थेमेलिस बुचासारखा कमरेपर्यंत पाण्याबाहेर उडाला.

प्राणवायूची नळी पुढे केली तर त्याने बाजूला सारली. "कॉफी द्या," म्हणाला. कॉफीचा पेला हातातून पडला. धक्का येईपर्यंत पाय गेले होते.

त्यानंतर स्केवोस सगळ्यांना एकच सांगत आला: बाबांना त्या पत्र्याची सवय होती, पत्र्याने घात केला. आणि मला इथे टेकवलं.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. पाठीवर काय घ्यायचं ते तुमच्या कामाप्रमाणे निवडा. पण जुनं काढून नवं घातलंत तर उथळ पाण्यात उभे राहा आणि पुन्हा तोला. कितीही वर्षांचे पाणबुडे असा. आणि ज्या वस्तूने तुमचा भार वाहिला, तिच्यावर आपलं पाप टाकू नका.

काल नाच संपल्यावर स्केवोस घामेजून बापापाशी आला. थेमेलिस त्याच्या हातातल्या काठीकडे बघत म्हणाला, "छान नाचलास. पाय अगदी माझ्यासारखा हलवलास."

आज सकाळी स्केवोस अंडी काढायला आला. त्याने मला पायाने सरकवलं. मी दगडावर पडले, अशी खणखणले की कोंबड्या दूर पळाल्या. तो दचकून माझ्याकडे बघत राहिला. ऐकू गेलं असेल-नसेल, मी तोंडावर सांगितलं:

"स्केवोस, तुझ्या बापाचे पाय जाकिटाने नेले नाहीत, मीही नेले नाहीत. परक्यांना तू गळ्याइतक्या पाण्यात उभं करून तोललंस. बापाला तोलायची तुला लाज वाटली."